जमिनीवरचं कासव

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. माहेरी कुरुंद्याला जाते, आईजवळ बसते, सगळ्यांची उणीदुणी काढून होतात – आणि ही गोष्ट तोंडाशी आली की मी चहा टाकायला उठते. तुम्ही ना घरचे, ना गावचे. म्हणून तुमच्याजवळ बोलते आहे.

तनू माझी मुलगी नाही, माझ्या धाकट्या जावेची. हे आधीच सांगते, कारण मी स्वतःच ते विसरले होते. वंदना शिक्षिका. नोकरी लागली ती पार पालघरकडच्या एका पाड्यावर. दीर इथं वसमतला माझ्या नवऱ्याबरोबर हळदीच्या धंद्यात. तान्ह्या लेकराला घेऊन ती तिकडे एकटी कशी राहणार? मग तनू माझ्याकडे आली. मला मूलबाळ नाही. तिचं पहिलं पाऊल, कांजिण्या, अंगणवाडी – सगळं माझ्या हातचं. ती मला मोठीआई म्हणायची, मला त्यातलं फक्त आई ऐकू यायचं.

आणि मग वंदनाची बदली झाली. हट्ट्याला, म्हणजे घरून बसने रोज जाऊन येण्यासारखी. घरात पेढे वाटले, मीही वाटले. पण खरं सांगू? आयत्या बिळावर नागोबा, असंच मनात आलं.

तनू तिच्याजवळ जाईना. सुट्टीत भेटणारी आई ती, लेकराला तिची सवय नव्हती. वंदनाने ताट वाढलं तरी तनू माझ्याकडे बघायची – खाऊ का? वंदनाचं तोंड उतरायचं. आणि मला काय वाटायचं? बरं वाटायचं. हो, चक्क बरं वाटायचं.

तेव्हा लेकराला लळा लावायला वंदनाने कासवाचं पिल्लू आणलं. नांदेडच्या दुकानातून, पुरीएवढं. आपल्या रानातली कासवं पाळायला बंदी आहे, हे परदेशी जातीचं, रीतसर कागद केलेलं. तनू दिवसभर त्याच्याभोवती, म्हणजेच वंदनाभोवती. शाळेतून आली की दप्तर फेकून मम्मीला हाका. मला पाणीसुद्धा मागेना झाली.

कासव पाण्यातलं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पाणी साफ राहावं म्हणून विहिरीत सोडलेली कासवंच आम्ही पाहिलेली. वंदनाने टबात पाणी भरलं, मधे चपटा दगड ठेवला आणि पिल्लू सोडलं. मग तनूच्या हट्टापायी त्याचं उष्टावण. पाट, पाटाभोवती रांगोळी, तांदळाची खीर. वंदनाने बोटातली अंगठी खिरीत बुडवून त्याच्या तोंडाला लावली. तनू खदखदून हसली आणि आईच्या गळ्यात पडली. मी खिरीची वाटी धरून उभी. तनूच्या उष्टावणाला वंदनाला रजा मिळाली नव्हती, तेव्हा तनू माझ्या मांडीवर होती. तुम्हाला हसू येईल, पण त्या पुरीएवढ्या जिवाचा मला हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी वंदना फोन घरी विसरून शाळेत गेली. दुकानदाराचा फोन आला, मी उचलला. माणूस भला होता. पिल्लाची चौकशी केली आणि म्हणाला, "दीदी, पानी में मत रखना. ये जमीन वाला है." कोरड्या खोक्यात ठेवा, ऊब द्या, सकाळचं ऊन दाखवा, गवत-पाला घाला, दूधभात बिलकुल नको. मॅडमना सांगायचं राहून गेलं, तेवढं सांगा म्हणाला. मी हो म्हटलं.

नाही सांगितलं. विसरले, असं तरी कसं म्हणू? फोनमधली त्या कॉलची नोंद पुसून टाकली होती मी. विसरलेलं माणूस नोंद पुसतं का?

संध्याकाळी वंदनाने टबातलं पाणी बदललं. थंडीचे दिवस, टाकीचं पाणी गार. मी शेजारीच मेथी निवडत बसले होते. ते मरावं असं मला वाटत होतं का? नाही – म्हणजे मी स्वतःला तसं सांगत होते. वंदनाला ते जमू नये, एवढंच मला हवं होतं. एवढंच?

पिल्लू दगडावर चढायला धडपडायचं, घसरायचं. वंदनाला वाटायचं, पोहतंय. मग ते खाईना. नाकाशी बुडबुडे दिसायला लागले. जनावरांच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, म्हशी बघतो, कासव कधी बघितलं नाही. दीर म्हणाले, दुकानदाराला विचार. मी मधेच बोलले – विकून मोकळा झाला तो, त्याला काय पडलंय. वंदनाने माझं ऐकलं. रजा टाकून ती टबापाशी बसली, भाताची शितं कुस्करून भरवत.

"अक्का, हे काहून खाऊन नाही राहिलं? माझं काही चुकून राहिलं का?"

मला काय ठावं, असं म्हणून मी आत गेले.

ते टबातच गेलं. तनूने पाहिलं, आणि आईला म्हणाली, "तुला न्हाई सांभाळता येत. मोठीआईला दिलं असतं तर जगलं असतं." आणि माझ्या कुशीत शिरली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. त्या वेळी मला आनंद झाला. शरम वाटली, पण मागाहून. आधी आनंदच झाला.

पुढे शाळेच्या गडबडीत एका सकाळी वंदना तनूच्या वेण्या घालत होती. तनू मान सोडवून घेत होती. वंदनाचे हात थांबले. तिने कंगवा माझ्यापुढे धरला.

"अक्का, तुमीच घाला. माझ्या हाताला लेकरू लागत न्हाई."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला ते खरंच वाटत होतं. एक वाक्य पुरे होतं – दुकानदाराचा फोन आला होता, मी सांगितलं नाही. जिभेवर आलंही होतं.

मी कंगवा घेतला.

तनू आता चौथीत आहे. वेण्या अजून मीच घालते.