माझी खोटी अडचण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला का सांगतेय — ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल.

बडोद्यात मला ओळखणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. वाडीतल्या आमच्या महिला मंडळात मी पाळी जाण्याच्या वयाबद्दल बोलते. रोज चाला, नाचणी-तीळ खा, वेळेवर झोपा, हसत राहा, त्रास झाला तर घरात सांगा — लपवू नका. ‘पाळी जाते, आपण कुठे जातो?’ म्हटलं की हमखास टाळ्या पडतात. शेजारच्या गुजराती बेन दर वेळी म्हणतात, “तमे तो केवां फिट छो, बेन!” मी लाजल्यासारखं करते. सांगते त्यातलं काही खोटं नाही हो. सकाळी कमाटीबागेत चालून आले की मला खरंच बरं वाटतं. पण ‘लपवू नका’ — हे मी कुठल्या तोंडाने सांगते?

माझी स्वतःची पाळी गेली तेव्हा मी कुणाला पत्ता लागू दिला नाही. कमीपणा वाटला. ‘माझी अजून चालू आहे, काही त्रास नाही,’ असं मंडळात मिरवत होते ना! आणि त्रास तर असा, की बसल्या जागी अंगातून वाफा निघायच्या, ब्लाउज घामाने चिंब व्हायचा. गॅसपुढे उभं राहायचं म्हटलं की रडू फुटायचं.

त्यातच गौरी आल्या. आमच्या घरच्या गौरी तेव्हा धाकट्या दिरांकडे, बडोद्यालगतच्या छाणीला बसायच्या. सासूबाई तिथेच असत. आणि माझी जाऊ वैशाली — तिचा तर त्या दिवसांत पाय जमिनीवर ठरत नसे. गौरींच्या साड्या ती नेसवायची. अशा चापूनचोपून निऱ्या, की बघणारीने बघतच राहावं. पूजनाच्या दिवशीचा स्वयंपाक मात्र आम्हा दोघी जावांचा. पुरण, भाज्या, वडे, सगळं. त्या सकाळी मी दारातूनच सासूबाईंना म्हटलं, “मला अडचण आहे.”

अडचण. किती सोयीचा शब्द आपल्या बायकांचा! पुढे कुणी काही विचारत नाही. मला मागच्या खोलीत पंख्याखाली चटई मिळाली. अडचण तर होतीच की मला — ही नाही तर दुसरी — असं स्वतःला समजावत मी पडून राहिले.

थोड्या वेळाने वैशाली आली. हात पुरणाचे, चेहरा पांढराफटक. तिची पाळी तेव्हा कधीही, कशीही यायची. हे तिने फोनवर मलाच सांगितलं होतं, मी जाणकार म्हणून. दाराशी उभी राहून कुजबुजली, “वहिनी, मला आत्ताच आलीय. काय करू?”

काय म्हणायचं होतं मी? तू बस इथे, मी जाते, माझी खोटी आहे. संपलं असतं. पण सासूबाईंपुढे खोटी पडले असते. वय कळलं असतं. आणि — हेही सांगून टाकते — आतून गॅसची धग येत होती. “आता कोण करणार?” मी म्हटलं. “बोलू नकोस कुणाला. उरक गुपचूप.”

मी स्वतः विटाळ मानत नाही. पण ती मानते, मनापासून मानते, हे मला माहीत होतं. माहीत असून मी तिला पाठवलं.

नैवेद्याचं ताट ठेवायला ती वाकली आणि साडीवरचा डाग सासूबाईंना दिसला. भरल्या घरात त्या तिला नको नको ते बोलल्या. वैशालीने एकदाच मागच्या खोलीकडे, माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे तोंड फिरवलं. तिने माझं नाव घेतलं नाही.

पुढच्या वर्षीपासून गौरी माझ्याकडे आल्या. मोठीला नेम कळतो, असं सासूबाई म्हणाल्या. मी नाही म्हटलं नाही. वैशाली त्या वर्षापासून न चुकता ऋषिपंचमी धरू लागली, झालेला दोष फिटावा म्हणून. दोष कुणाचा होता?

यंदा तिने व्रताचं उद्यापन केलं. तिची पाळी गेली. मला आग्रहाने बोलावलं, वाण दिलं, पायाशी वाकली आणि म्हणाली, “वहिनी, तेव्हा तुम्हाला माहीत असून तुम्ही कुणाजवळ बोलला नाहीत. मला सांभाळून घेतलंत.” मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सुखी राहा म्हटलं. आणि वाण घेऊन घरी आले.

सासूबाई आता नाहीत. गौरी छाणीला परत न्यायला कुणाची ना नाही, मी एकदा तोंड उघडायचा अवकाश. मी उघडलं नाही. गौरी माझ्याकडेच आल्या. साडी नेसवताना मला निऱ्या जमेनात. वैशालीला आता कसलीच अडचण नाही, तरी ती गौरींच्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत आली नाही. बाहेर उभी राहून, हात मागे बांधून, मला सांगत होती — वहिनी, डावीकडून घ्या. जरा चापून घ्या.