मोरेश्वरकाका रायफल घेतात

मोरेश्वरकाकांनी रायफल घ्यायचं जाहीर केलं, तेव्हा मी त्यांच्या सोफ्यावर बसलो होतो. सोफ्यावरचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं. सोफा परत जायचा होता.

२००६चा उन्हाळा होता. मी पुण्यात मराठी साहित्यात एम.ए. केलं आणि लग्न होऊन आदल्या वर्षी अमेरिकेत शुगर लँडला आलो होतो, बायकोच्या व्हिसावर. हिमानी तेल कंपनीत इंजिनिअर. मला नोकरीची परवानगी नव्हती. काका हिमानीच्या ऑफिसात सीनियर होते. मूळचे मिरजेचे. माझी त्यांच्याशी मैत्री झाली, कारण शनिवारी त्यांना सोबत लागायची आणि मला सगळे वार सारखेच होते.

काका कुठलीही वस्तू निवडत नसत. ते वस्तू घेत आणि परत करत. व्हॅक्यूम क्लीनर एकदम तीन आणायचे, तिन्ही वापरायचे, तिन्ही परत. तंबू शुक्रवारी आला की सोमवारी गेला. प्लास्टिकचा ख्रिसमस ट्री सव्वीस डिसेंबरला परत करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांच्या अपार्टमेंटमधली एक खोली फक्त रिकाम्या खोक्यांची होती.

"अमेरिकेत निवडायचं नसतं, केदार," ते म्हणायचे. "निवडायला भारत आहे. तिथं दुकानदार माल परत घेत नाही, म्हणून आपण जन्मभर निवडत बसतो."

रायफलीचं कारण वेगळं होतं. काका डावखुरे. जेवण आणि आरती उजव्या हातानं, तीही आईच्या धाकानं. बाकी सगळं डाव्यानं. ऑफिसातल्या एकानं त्यांना नेमबाजीच्या रेंजवर नेलं होतं. तिथं त्यांनी पॉइंट टू-टूची छोटी रायफल डाव्या खांद्याला लावली. नेम बरा लागला. पण बोल्ट, म्हणजे पुढची गोळी भरायचा खटका, उजवीकडे. प्रत्येक गोळीनंतर चापावरचा हात काढायचा, रायफलीवरून पलीकडे न्यायचा, बोल्ट ओढायचा, पुन्हा चापावर आणायचा. शेजारचा म्हणाला, डावखुऱ्यांसाठी वेगळी रायफल मिळते की. बोल्ट डावीकडे असतो.

काका त्या रात्री जेवले नाहीत म्हणे.

"सगळं आयुष्य दुसऱ्यांची कात्री वापरली मी," ते म्हणाले. "शाळेत बाक उजव्यांचा, बँकेत साखळीला बांधलेलं पेन उजवीकडे. आणि इथं माणसं डाव्यांसाठी अख्खी रायफल बनवतात. महाग नको, साधी चालेल. पण घेणार."

"आणि महिन्यानं परत करणार," त्यांची मुलगी उत्तरा सोफ्याच्या प्लास्टिकवरून सरकत म्हणाली. "बाबा, इट्स अ गन, नॉट अ टोस्टर."

शैलजाकाकू उठून आत गेल्या. मला वाटलं, भडकल्या असणार. पण मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "यांना घेऊ दे ती. तू सोबत जा."

"काकू, बंदूक आहे ती."

"बंदूक परत घेत नाहीत. मी फोन करून विचारलंय." त्यांनी मागं वळून पाहिलं. "केदार, आम्ही इतकी वर्षं भाड्यानं का राहतो? घर परत करता येत नाही म्हणून. मी एक प्लॉट बघून ठेवलाय. कोपऱ्यावरचा, मागं ओकचं झाड आहे. बिल्डर महिनाअखेरीपर्यंत थांबतो म्हणाला. यांनी परत न करता येणारी एक वस्तू घेतली ना, की दुसरी घेतील. ही रंगीत तालीम समज."

घरासाठी नवऱ्याला बंदूक घ्यायला लावणारी बाई माझ्या अभ्यासक्रमात नव्हती.

दुकान हायवेच्या कडेला, मासेमारीच्या सामानाच्या शेजारी. मालकीण वँडा. साठीची, चष्मा साखळीला. काकांना तिनं पहिल्याच वाक्यात "हनी" म्हटलं आणि काका लाजले. ते नागरिक झाले होते, त्यामुळे त्यांना अडचण नव्हती. मग तिनं मला विचारलं, "आणि तू?"

"व्हिसावर आहे."

"मग हात मागं ठेव, स्वीटी."

मी दुकानभर हात पाठीमागं बांधून फिरलो, संग्रहालयातल्यासारखा.

डाव्या बोल्टच्या तिच्याकडे दोनच रायफली होत्या. एक कॅनडातली. साधं लाकूड, किंमत साधी. दुसरी झेक. अक्रोडाचा दस्ता, किंमत दुप्पट. काकांनी कॅनडातली डाव्या खांद्याला लावली. हात चापाजवळ होता, तिथूनच उचलला, बोल्ट ओढला, सोडला. खट्, खट्. त्यांचा चेहरा बदलला. असा चेहरा मी फक्त पहिल्यांदा चष्मा लागलेल्या मुलांचा पाहिला आहे.

"दोन्ही देतेस का?" काकांनी विचारलं. "महिनाभर वापरतो. एक ठेवतो."

वँडानं भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. एकदा दुकानाबाहेर गेलेली बंदूक परत घेतली जाणार नाही. काकांनी पाटी वाचली. चष्मा पुसला. पुन्हा वाचली.

"खोकं न फोडता आणली तर?"

"नाही, हनी."

"किमतीचं लेबल तसंच ठेवलं तर?"

"हनी."

काका घामेघूम झाले. आम्ही निघालो.

त्यानंतर आम्ही दर शनिवारी गेलो. काका दोन्ही रायफली खांद्याला लावत. कॅनडातली हलकी, पण लाकूड बघून मन भरत नाही. झेकचं लाकूड सुंदर, पण खिसा रिकामा होतो आणि वजन जास्त. शिवाय इतक्या सुंदर वस्तूला ओरखडा गेला तर? आणि स्वस्त घेऊन पस्तावलो तर? काकूंनी वँडासाठी चिवडा पाठवला. तिनं तो काउंटरवर ठेवला आणि बाकी गिऱ्हाइकांना दिला. एकानं शेंगदाणे वेचून खाल्ले आणि हा काय प्रकार, कुठं मिळतो, म्हणून विचारत बसला. काका अजून ठरवत होते.

"केदार, तू साहित्यवाला. तुला काय वाटतं?"

"मला हात लावायची परवानगी नाही, काका."

"मत द्यायला हात कशाला लागतो?"

"कॅनडातली घ्या."

"का?"

मला कारण सांगता आलं नाही. काका म्हणाले, "बघ, म्हणूनच."

महिना संपत आला. त्या शनिवारी काका झेक रायफलीचा दस्ता भिंगातून बघत होते, तेव्हा दुकानात एक उंच माणूस आला. बूट, पट्ट्याला मोठं बक्कल. आजूबाजूला न बघता तो कॅनडातल्या रायफलीपाशी गेला. वँडाला विचारून ती उचलली. डाव्या खांद्याला लावली. खट्, खट्.

"चांगली आहे," तो म्हणाला. "बांधून दे."

काकांच्या हातातलं भिंग खाली पडलं. "अहो, ती माझी आहे!" ते मराठीत ओरडले. त्या माणसाला अर्थातच कळलं नाही. काकांनी इंग्रजीत सांगितलं.

"तुझी?" वँडानं विचारलं. "पैसे देऊन, की बघून?"

"देतो. आत्ता देतो."

उंच माणसानं रायफल काउंटरवर ठेवली आणि दोन्ही हात वर केले, जणू रायफल काकांच्याच हातात होती. काकांनी डाव्या हातानं फॉर्म भरला. वँडानं सरकारी चौकशीसाठी फोन लावला. तेवढा वेळ काका ऑपरेशन थिएटरबाहेर बसल्यासारखे बसले होते. मंजुरी आली. काका उठले, त्या उंच माणसाकडे गेले, त्याचा हात हातात घेऊन कितीतरी वेळ हलवत राहिले. त्याला हेही कळलं नाही.

घरी आल्यावर रायफल कुलुपात गेली आणि खोकं काकांनी स्वतः कचऱ्यात टाकलं. काकूंनी ते खिडकीतून पाहिलं. मग मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"खरं सांग. कशी घेतली यांनी?"

मी बक्कलवाल्याचं सांगितलं. काकू ओट्याला धरून हसल्या. हसता हसता डोळे पुसले.

"आमच्या लग्नात हेच," त्या म्हणाल्या. "मला बघून गेले आणि चार महिने हो नाही की नाही नाही. मग इचलकरंजीचं एक स्थळ मला बघून गेलं. कसं कोण जाणे, मिरजेला बातमी गेली. दुसऱ्या दिवशी हे सकाळच्या एसटीनं दारात. चहा पण घेतला नाही." त्यांनी गॅस बंद केला. "उद्या काय करताय तुम्ही दोघं?"

"काही नाही."

"जरा बरे कपडे घालून या. आणि हिमानीला सांग, चांगली भारीतली पर्स घे."

रविवारी कोपऱ्यावरच्या प्लॉटवर ऊन मी म्हणत होतं. मी लग्नातला सूट घातला होता. आमच्याबरोबर बिल्डरचा एजंट होता. त्याला काहीच माहीत नव्हतं, त्यामुळे तो मनापासून प्लॉट दाखवत होता. काकांची गाडी लांबून येताना दिसली.

"ओकच्या बाजूला किचन, नाही का गं?" मी मोठ्यानं म्हणालो.

"नाही यार, इकडे," हिमानी त्याहून मोठ्यानं म्हणाली. "तिकडे ऊन येईल." मग एजंटला इंग्रजीत, "आज टोकन दिलं तर चालेल ना?"

काका गाडीतून उतरले. आधी मला पाहिलं, मग सूट पाहिला, मग पर्स. दार उघडंच टाकून ते गवतातून चालत आले. चालता चालता पळायला लागले. उकाड्यात त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. एजंटच्या दंडाला धरून त्याला ऑफिसकडे घेऊन गेले.

काकू मागून सावकाश आल्या. सावलीतून, छत्री घेऊन.

ऑफिसात गारवा होता. एजंटनं कागद पुढं सरकवले. काकांनी डाव्या हातात पेन घेतलं, टोपण काढलं, आणि थांबले. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"केदार," ते म्हणाले, "तुला तर नोकरीसुद्धा करता येत नाही. तू घर कशावर घेणार होतास?"

मी सूटचं बटण लावलं. हिमानी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली.

"अहो," काकू म्हणाल्या, "आधी सही करा. मग त्याला विचारा."

काकांनी सही केली. मग मला विचारलं.