वास न येणारा मासा

पद्मजा मूळची अलिबागची, सीकेपी, मासळीवर वाढलेली. लग्न होऊन पार्ल्यात आली ती कोकणस्थांच्या घरात, जिथे चातुर्मासात कांदासुद्धा घराबाहेर. मी रत्नप्रभा, तिच्या समोरच्या दारात राहते. तिचा संसार मी पहिल्या दिवसापासून बघत आलेय.

तिच्या सासूबाई मनाने वाईट नव्हत्या. असं म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हणते. त्यांचा नियम एकच. सून माहेराहून आली की दारातच विचारायच्या, "खाल्लंस?" खाल्लं असेल तर आधी डोक्यावरून आंघोळ, साडी बादलीत, मगच स्वयंपाकघरात पाऊल. जिन्यात आम्ही सगळ्या ऐकतोय आणि ही नवी नवरी मान खाली घालून मोरीत. अण्णा, म्हणजे हिचा नवरा, आत पेपर वाचत बसलेले.

लेकीच्या, सईच्या वेळी हिला डोहाळे लागले कोलंबीच्या खिचडीचे. भाऊ बिचारा अलिबागहून डबा घेऊन आला. सासूबाईंनी त्याला उंबऱ्यातच अडवलं. "तेवढा डबा खाली ठेवून या, मग चहाला बसा." डबा गेला वॉचमनच्या घरी. पोटुशी बाई दारात डोळे पुसतेय आणि अण्णा काय करत होते? चपला शोधत होते! बाहेर पडायला. मला असा संताप आला ना, घरात येऊन मी नुसती भांडी आपटली.

नंतर अण्णांनी हिची समजूत घातली. "आई आहे तोवर सांभाळून घे. मग मी स्वतः नेईन तुला, पोटभर खा." पद्मजाने काय केलं, तर माहेरी जाऊनसुद्धा मासे खाणं सोडलं. दारातलं ते "खाल्लंस?" तिला पुन्हा ऐकायचं नव्हतं.

सासूबाई गेल्या त्या नव्वदी ओलांडून. तोपर्यंत अण्णांची सत्तरी आली, पद्मजाचे गुडघे गेले. बरं, आता तरी लगेच न्यावं बायकोला? नाव नको! वर्षश्राद्ध होईपर्यंत थांबले. मग लेकीला फोन केला, "सई, मासे मिळतात पण वास येत नाही असं एखादं हॉटेल आहे का गं आपल्याकडे?" सई खो खो हसली आणि तिने आमच्या गल्लीच्या टोकाला नवीन उघडलेलं जपानी हॉटेल सुचवलं.

अण्णांना ते फार पटलं. कच्चा मासा, म्हणजे तळण नाही, फोडणी नाही, कपड्यांना वास नाही. मालवणी खानावळीत शिरताना कुणी बघितलं तर पंचाईत. जपान्याकडे गेलं तर लोकांना वाटणार, मुलांनी पाठवलं असेल. हे ते बोलले नाहीत, पण पद्मजा काय त्यांना आज ओळखते?

तरी ती खुशीत होती हो. ठेवणीतली नारायणपेठी काढली. माझ्या दारात येऊन विचारलं, "बरी दिसतेय ना गं?" मी म्हटलं, "झकास! जा, हाण दाबून." पुढचं सगळं तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, माझ्याकडे मटार सोलत.

अण्णांनी स्वतःसाठी काकडी घातलेले भाताचे रोल मागवले. हिच्यासमोर मोठी बशी आली. भाताचे छोटे मुटके, त्यांवर माशांचे पातळ काप, केशरी आणि पांढरे. जन्मात कधी कुणाला वाढलं नाही त्या माणसाने स्वतः हिच्या ताटलीत एक मुटका ठेवला. "खा. शब्द पाळला की नाही मी?"

तिने खाल्ला. थंडगार, मऊ. आंबट नाही, तिखट नाही, विस्तवच दाखवलेला नाही. "मी तो घास तोंडात घोळवत राहिले रत्ना, पण मला काही आठवेचना. आधी वाटलं, यांच्या कच्च्या माशाचा दोष. मग आईच्या हातची खिचडी आठवून बघितली, तर तिचीही चव येईना. कधी गेली जिभेवरून, कळलंच नाही गं."

तरी नवऱ्याचं मन मोडायला नको म्हणून तिने दुसरा मुटका उचलला. तेवढ्यात समोरून आल्या इरावतीबाई. आमच्याच सोसायटीतल्या, सासूबाईंच्या भजनी मंडळातल्या. नातवंडं घेऊन आली होती त्यांना. "अय्या अण्णा, तुम्ही? आणि हे काय, मासे की काय?"

अण्णा ताडकन म्हणाले, "छे छे! भलतंच काय! आमचं सगळं व्हेज." आणि मेन्यूकार्ड उचलून बायकोच्या ताटलीवर झाकण घालावं तसं ठेवलं.

इरावतीबाई आपल्या टेबलाकडे गेल्या. पद्मजाने हातातला घास खाली ठेवला.

"अहो," ती म्हणाली, "मला मासा नकोच होता हो. एकदा, फक्त एकदा, तुम्ही आईंसमोर म्हणायला हवं होतं, ही खाईल. एवढं म्हणाला असतात ना, तर मी जन्मभर आनंदाने वरणभात जेवले असते."

अण्णांचा चेहरा पार उतरला. कार्ड त्यांनी बाजूला केलं. "चुकलंच माझं," ते म्हणाले. "माझ्या तोंडून निघालंच नाही कधी. थांब, आत्ता जातो. आत्ता सांगतो त्यांना, माझी बायको मासे खाते म्हणून." आणि खुर्ची सरकवून उठले की खरंच!

पद्मजाने त्यांना मनगटाला धरून खाली बसवलं.

"राहू द्या. तुम्ही त्यांना खोटं नाही सांगितलंत. मी नाही खात आता."