भिंगाला पसंत पडलेली फ्रेम

कारखान्यात बॉयलरच्या टाक्यांचे वेल्डिंग तपासणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे 'भिंग' म्हणत. खिशात पेन नसले तरी त्यांचे चाले, भिंग मात्र हवेच. दुसऱ्याच्या कामात खोट सापडली की त्यांचा चेहरा उजळे. अशा माणसाला सायकलची फ्रेम निवडायला वर्ष लागावे, यात नवल नव्हते.

सायकल डोंगरवाटेची, हार्डटेल. म्हणजे धक्के झेलणारा शॉक फक्त पुढे. मागचा शॉक म्हणजे आळशी गुडघ्यांचे लाड, असे त्यांचे मत. चाके, ब्रेक, गिअर आणि पुढचा शॉक जमवून सोफ्यामागे रचले होते. घोडे अडले होते फ्रेमपाशी. लेक परगावी नोकरीला जाण्याआधी तिच्यासोबत टेकडीमागच्या वाटेवर फेरी मारायची, हा शब्द त्यांनीच दिला होता.

"बाबा, रविवारी संध्याकाळी मी निघतेय," लेक म्हणाली. "फ्रेम शोधताय की जावई?"

"जावई कसाही चालेल. त्याच्यावर बसून उतार उतरायचा नसतो."

कार्बनची फ्रेम त्यांनी न पाहताच निकालात काढली होती. अ‍ॅल्युमिनियमच्या स्वस्त फ्रेमा त्यांच्या लेखी रंगाखाली पाप झाकणाऱ्या. महागड्या तेच पाप चकचकीत रंगाखाली झाकणाऱ्या. दुकानदारांविषयीचे त्यांचे मत तर छापण्याजोगे नव्हते.

शनिवारी एका आडबाजूच्या दुकानात, छताजवळच्या खुंटीला, स्टीलची एक फ्रेम लटकलेली दिसली. किंमत परवडणारी. स्टुलावर चढून त्यांनी भिंग डोळ्याला लावले आणि एकेक जोड तपासला. छिद्र नाही, जळका डाग नाही. व्हर्निअरने नळ्यांचे व्यास घेतले. शॉक बसत होता, चाक बसत होते. मोजायचे राहिले ते फक्त स्वतःचे पाय.

"ठीक आहे," ते म्हणाले. याहून मोठी पदवी त्यांच्याकडे नव्हती. हीदेखील बायकोला अद्याप मिळालेली नव्हती.

"साहेब, खाली काढून देतो. एकदा नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहा."

"फ्रेम घेतोय मी. पँट नाही."

दुकानदाराने ती कागदात गुंडाळली.

रविवारी सकाळी तयार सायकल अंगणात आली. त्यांनी रुबाबात टांग टाकली. टांग पलीकडे गेली. पण दोन्ही पाय एकदम जमिनीला टेकेनात, आणि मधली नळी टेकली ती भलत्याच ठिकाणी.

"वेल्डिंग मात्र छान आहे हो," बायको दारातून म्हणाली.

लेकीने हँडल घेतले आणि एक चक्कर मारून आली. "मला अगदी बरोबर आहे."

"असणारच. तुझ्या आजोळचे सगळे ताडमाड."

फ्रेम बदलून आणायची तर फेरी हुकली असती. शिवाय त्या दुकानदाराचे तोंड पाहावे लागले असते. त्यांनी बायकोची भाजी आणायची सायकल काढली. टेकडीच्या चढावर लेक पुढे निघून गेली. मागून ते खडखडणारी टोपली ढकलत, घाम पुसत चालले होते. मध्येच थांबून त्यांनी भिंग काढले. टोपलीचा जोड तडकला होता.

"कचरा," ते समाधानाने म्हणाले.

वळणावर लेक त्यांच्यासाठी थांबली होती. "बाबा, ही मी सोबत नेऊ?"

"ने. इथे ठेवून काय, तिच्यावर कपडे वाळत घालू?" ते म्हणाले. "आणि उतारावर ब्रेक बेतानं दाब. मी हमी वेल्डिंगची घेतलीय, तुझी नाही."