हर्मीसची डावी कड

कवळ्या बनवणाऱ्या माणसाला खोटं लवकर ओळखू येतं, असं तो स्वतःच सांगतो. दंतवैद्याकडून तोंडाचा साचा येतो, सोबत दातांचा फोटो. मग हा शेजारच्या खऱ्या दाताचा रंग बघतो, त्यावरचा चहाचा डागसुद्धा बघतो, आणि नव्या दातावर तसाच पुसट डाग उठवतो. "पांढराशुभ्र दात लगेच पकडला जातो," तो म्हणतो. "खोटं नेहमी जरा जास्तच स्वच्छ असतं."

कामाची खोली घराच्या पुढच्या बाजूला आहे. दुपारपर्यंत तिथे प्लास्टर, मेण आणि पॉलिशचं चाक चालतं. नंतर हात धुवून, नखं घासून तो ग्रीसची टपाल तिकिटं काढून बसतो. ग्रीसचीच का, याला मोठं कारण नाही. तरुणपणी जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याला तिकिटांची एक सूची मिळाली होती. तिची पुढची आणि मागची पानं वाळवीने खाल्लेली, मधला ग्रीसचा भाग तेवढा धड. जे वाचता येत होतं ते त्याने जमवायला घेतलं.

ग्रीक भाषा त्याला येत नाही. पण शिक्क्यावरच्या अर्ध्या पुसलेल्या अक्षरांवरून तो गाव ओळखतो, आणि पत्र कोणत्या बेटावरून कोणत्या बोटीने निघालं असेल ते नकाशावर बोट फिरवून दाखवतो. साथीच्या काळात बंदरावर पत्रांना चाकूने चिरा पाडून धुरी देत असत. तशी चिरा पडलेली पाकिटं त्याला विशेष प्रिय आहेत. "पत्रावरही संशय घ्यायचे लोक," तो कौतुकाने म्हणतो.

संशय हा त्याच्या घरातला कायमचा पाहुणा. दूधवाल्याचं माप, विजेचं मीटर, शेजाऱ्यांनी अचानक केलेली विचारपूस, सगळं तो उलटून पालटून बघतो. गावातल्या तिकीट संग्राहक मंडळात त्याचं नाव 'बेंझिन' पडलंय, कारण खिशात बेंझिनची छोटी बाटली असल्याशिवाय तो बैठकीला जात नाही. तिकीट काळ्या बशीत उपडं ठेवायचं आणि वर बेंझिनचे थेंब सोडायचे. कागद फाटून जोडलेला असेल, विरळ जागा भरलेली असेल, तर ती काळी रेघ होऊन वर येते. बेंझिन उडून जातं, तिकिटाला काही होत नाही. होतं ते विकणाऱ्याच्या चेहऱ्याला.

विकत घेताना एकदा बशीत उतरून पास झालेलं तिकीट तो पुन्हा कधी तपासत नसे. ते पानावर बसलं की बसलं. सगळ्या जगावर पहारा ठेवणाऱ्या या माणसाने आपल्या कपाटावर मात्र कधी पहारा ठेवला नाही.

त्या कपाटातलं सर्वांत लाडकं तिकीट म्हणजे ग्रीसच्या पहिल्या मालिकेतलं, १८६१ सालचं, पॅरिसमध्ये छापलेलं. निळसर कागदावर जांभळट शाईत हर्मीसचं डोकं. हर्मीस म्हणजे ग्रीकांच्या देवांचा निरोप्या, आणि चोरांचाही देव. या तिकिटांना दाते नसत, टपालखात्यातले लोक कात्रीने ती कशीही कापत. चारही बाजूंना कोरी कड शाबूत राहिलेलं तिकीट म्हणून फार क्वचित मिळतं. याच्याकडच्या हर्मीसला चारही कडा होत्या.

यंदा मंडळाच्या प्रदर्शनात त्याने हर्मीस पहिल्यांदाच दिला. तिकिटं काचेच्या चौकटींत लावायचं काम दरवर्षीप्रमाणे त्याच्या मेव्हण्याने केलं. मेव्हणा पुस्तकबांधणीचं काम करतो. मंडळातल्या बहुतेकांचे अल्बम त्यानेच बांधलेत. कागदाला हात लावावा तर त्यानेच, असं सगळे म्हणतात. प्रदर्शन संपल्यावर त्याने चौकटी उतरवल्या आणि हर्मीस घरी आणून दिला.

तिकीट घराबाहेर जाऊन आलं होतं, म्हणून बेंझिनने ते बशीत उपडं टाकलं. डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत सरळ काळी रेघ उठली. डावी कड दुसऱ्या कागदाची होती.

त्याच्या मनात पाल चुकचुकली ती तिथे, आणि मग गप्प बसायला तयार होईना. तिकीट बदललं म्हणावं तर शिक्का तोच, शाईचा फराटा तोच. मग त्याने दुसरा तर्क बांधला. मेव्हण्याने याची खरी कड कापून घेतली असणार, कोणा श्रीमंत गिऱ्हाइकाच्या अधू तिकिटाला चिकटवली असणार, आणि इथे भलतीच लावून दिली असणार. इतकं बेमालूम काम गावात दुसरं कोण करणार? मेव्हण्याने प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी नवी सुरी घेतली होती, हेही त्याला आठवलं. परत देताना तो चहाला थांबला नव्हता, हेही.

त्याने मंडळाच्या चिटणिसांकडे तक्रार दिली. मंडळाचा नियम कडक आहे. दुसऱ्याच्या तिकिटाशी छेडछाड केलेला सभासद काढला जातो आणि इतर मंडळांनाही तसं कळवलं जातं. संग्राहकांच्याच अल्बमांवर पोट असलेल्या बांधणीवाल्याला त्यानंतर गावात काम मिळणं कठीण.

घरी सांगितलं तेव्हा बायको पोळ्यांची कणीक मळत होती. आईवडील गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे हा एक धाकटा भाऊ.

"तक्रार देऊन आलात? विचारलं तरी का त्याला?"

"चोराला विचारून चोरी कळते का?"

"चोर कोणाला म्हणताय, ते कळतंय ना?"

"रेघेला नातं नसतं. ती दिसते ती दिसते."

 ती कणीक बराच वेळ मळत राहिली.

रविवारी मेव्हण्याला जाब विचारायला घरी बोलावलं. तो आला, चप्पल दाराबाहेर काढून खुर्चीच्या टोकावर बसला. टेबलावर काळी बशी मांडून ठेवली होती.

"भावोजी, पाहुण्याला पाणी देतात. तुम्ही बेंझिन काढलंत."

"विनोद मंडळापुढे कर. ही कड कोणी लावली?"

मेव्हण्याने बशीत वाकून पाहिलं. मग बहिणीकडे एकदा पाहिलं, आणि त्याने हात मांडीवर ठेवले.

"मी लावली."

"ऐकलंस?" बेंझिन बायकोकडे वळला. "कबूल झाला! आता विचार, खरी कड कुठे विकली."

"विकली नाही."

"मग कुठंय?"

"ते मी नाही सांगणार. मंडळाला काय करायचं ते करू दे."

"बघ. चोरी करायची आणि वर तोरा!"

"त्याला काय विचारताय?" बायको म्हणाली. "मला विचारा. कड केरात गेली."

"ताई, तू गप्प बस."

"तूच बस गप्प. पुष्कळ बसलास." ती पदराला हात पुसत टेबलापाशी आली. "आपल्या धाकट्या लेकीच्या लग्नाच्या आधीची गोष्ट आहे. तुम्ही तासन्‌तास या डोक्याकडे बघत बसायचात. मला बघायचं होतं, त्यात असं काय आहे जे माझ्या डोक्यात नाही. तुमचा तो चिमटा मला धरता येत नाही, बोटांनी उचललं. नखाने टर्रकन कड गेली. एवढीशी चिंधी. खाली पडली ती सापडलीच नाही. तुम्ही साच्यांचं सामान आणायला गेला होतात. मी तिकीट वहीत घालून याच्याकडे पळाले. याने त्याच छपाईचं एक फाटकं तिकीट शोधून त्याची कड लावून दिली. तुम्ही परत आलात तेव्हा ते जागेवर होतं."

मेव्हणा खाली बघत म्हणाला, "सुकायला वेळ नव्हता. नाहीतर रेघही दिसली नसती."

"आणि इतकी वर्षं कोणी मला..." बेंझिन म्हणाला. "सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय विचारलं असतंत?"

त्याने टिपकागद पुढे ओढला.

"मीच सांगते. 'आणखी कुठली फाडलीस,' हेच ना? मग रोज एकेक पान उघडून माझी उलटतपासणी. याने आत्ताही तोंड उघडलं नाही ते तेवढ्यासाठीच. याचं काम जातंय हे कळत असूनही."

बेंझिनने तिकीट चिमट्याने उचलून टिपकागदावर ठेवलं. रेघ विरत गेली आणि कड पुन्हा खरी दिसू लागली. त्याने कपाटाकडे पाहिलं, मग बायकोकडे. ओठांवर आलेला प्रश्न त्याने गिळला, हे दोघा बहीणभावांना स्पष्ट दिसलं.

"जेवून जा," एवढंच तो मेव्हण्याला म्हणाला.

मंडळाच्या बैठकीत त्याने तक्रार मागे घेतली. चिटणीस निवृत्त भूमापक, अर्ध्या उत्तरावर समाधान न मानणारे.

"मागे घेताय म्हणजे? दुरुस्ती आहे की नाही?"

"आहे. जुनी आहे. त्याचा दोष नाही."

"मग कोणी केली?"

मेव्हणा मागच्या रांगेत उभा राहू लागला. बेंझिनने वळून न बघता हाताने त्याला खाली बसवलं.

"मीच केली होती. विसरलो."

 ज्याच्या हातचा खोटा दात खऱ्या दातांत ओळखू येत नाही, त्याने तिकिटाला कड जोडली यात कोणाला अशक्य काही वाटलं नाही. उलट पुष्कळांना पुष्कळ गोष्टींचा उलगडा झाल्यासारखं वाटलं. "धंदाच दाखवायच्या दातांचा," कोणीतरी पुटपुटलं, नीट ऐकू जाईल असं. स्वतःच्या तिकिटावर सभासदाने काय करावं याला नियम नाही, म्हणून चिटणिसांनी विषय संपल्याची नोंद केली. मेव्हण्याचं सभासदत्व राहिलं, काम राहिलं.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "काय सांगितलंत?"

"मिटलं म्हणून सांगितलं."

"माझं नाव?"

"तुझं नाव कशाला निघेल?"

तिने त्याच्याकडे जरा संशयानेच पाहिलं. खरी हकीकत तिला नंतर भावाकडून कळली.

पुढच्या अदलाबदलीच्या बैठकीत बेंझिनने बेटांवरच्या शिक्क्यांची काही जादाची तिकिटं मांडली. पूर्वी त्याच्या टेबलावरून लोक डोळे झाकून तिकिटं उचलत. आता एका औषधविक्रेत्याने दोन तिकिटं निवडली, 'आलोच' म्हणाला आणि खिडकीजवळ गेला. तिथे आणखी दोघे उभे होते. तिथली काळी बशी मंडळाचीच होती. बेंझिन आपल्या जागेवर बसून राहिला. नजर दुसरीकडे वळवणं त्याला जमलं नाही.

औषधविक्रेता बशीजवळची बाटली उलटी करून झटकू लागला. ती रिकामी होती.

शेजारच्या टेबलावर अल्बमचा सैल झालेला कणा दाबून धरत मेव्हणा हळूच म्हणाला, "भावोजी, द्या त्यांना तुमची. नाहीतर लोकांना वाटेल तुम्ही लपवताय."

बेंझिनने खिशातून बाटली काढली, झाकण सैल केलं आणि स्वतः उठून खिडकीपाशी नेऊन दिली.