दादाला ऐकू न आलेली टकटक

वहिनीचा फोन आला तेव्हा मी करोंदहून घरी परतत होते. "शोभा, हे गेले गं," एवढंच ती म्हणाली. त्याला आता महिना होऊन गेला...

दादा, माझा थोरला भाऊ, कारखान्यातून निवृत्त झाल्यावर अवधपुरीतल्या घराच्या गॅरेजमध्ये जुन्या गाड्यांची इंजिनं लावून द्यायचा. झडपांची टॅपेट आणि ठिणगीचं टायमिंग लावावं तर त्यानंच, असं लोक म्हणत. "फट मोजायची गेजची पट्टी अंदाजाला, खरं काम कानाचं," हे त्याचं नेहमीचं. आणि अलीकडे त्याला कमी ऐकू येत होतं. वहिनीला ठाऊक होतं, मलाही. त्याच्यापुढे विषय काढायची आमची छाती नव्हती.

गेल्या हिवाळ्यात चार इमली वस्तीतल्या एका साहेबांची सत्तर वर्षांची गाडी त्याच्याकडे होती. साहेब अकराला येऊन बायको-मुलांना घेऊन थेट पचमढीला निघणार होते. मी सहज डबा द्यायला गेले होते. दादानं इंजिन चालू केलं, मान डोलावली आणि हात पुसायला घेतले. मला मात्र आतून टकटक ऐकू येत होती, बारीक पण न थांबणारी.

"दादा, आवाज येतोय."

"कसला? काही नाही."

"येतोय रे."

तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. आता ओरडणार असं वाटलं... तेवढ्यात साहेब आलेच. मुलं मागच्या सीटवर चढलीसुद्धा. दादानं इंजिन बंद केलं आणि चावी स्वतःच्या खिशात टाकली.

"साहब, आज गाड़ी नहीं जाएगी. टॅपेट में आवाज़ है. मुझे सुनाई नहीं दी, मेरी बहन ने सुनी."

साहेब मुलांना उतरवून निघून गेले. दादा मान खाली घालून उभा होता. मला वाटलं, मी कशाला तोंड उघडलं.

इंजिन गार व्हायला दुपार झाली. झाकण काढलं तर तिसऱ्या टॅपेटचा नट सैल राहिलेला. घाटात तो पुरता सुटला असता. दादानं तो लावला, मग इंजिन चालू करून टायमिंगला हात घातला. "तू ऐक, मी फिरवतो," म्हणाला. मी डोळे मिटून ऐकत राहिले आणि आवाज एकसारखा झाल्यावर त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

त्यानंतर गॅरेजमध्ये एक लाकडी स्टूल आलं, माझ्यासाठी. गिऱ्हाइकाला तो सांगायचा, "सुनने का काम इनका है."

परवा वहिनी गॅरेज झाडत होती. "स्टूल घेऊन जा," म्हणाली. मी हो म्हटलं आणि त्यावर डोळे मिटून बसले, इंजिन ऐकायला बसायचे तशी. झाडू तिथंच ठेवून ती आत गेली.