मागच्या चाकांचे रबर

बुधवारी रात्री जेवताना वडिलांनी जाहीर केलं की शुक्रवारी शेवटचं, त्यानंतर ते डायलिसिसला येणार नाहीत. आईने ऐकलं आणि त्यांच्या ताटात आमटी वाढली. मी खाली बघून जेवत राहिलो. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की डायलिसिस थांबलं तर फार तर पंधरा दिवस. म्हणजे वडील मरणाबद्दल बोलत होते, आणि माझ्या डोक्यात एवढंच आलं की सोमवारी सकाळची झोप मिळेल. लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही. दीड वर्ष सोम-बुध-शुक्र गाडी काढून मी पार बधिर झालो होतो.

त्यांची तक्रार सुयांची नव्हती, गाडीची होती. त्यांचा कमरेचा एक मणका दबला आहे. मागच्या सीटवर उशी घेऊन बसायचे, आणि स्पीडब्रेकरवरून मागची चाकं उतरली की खालून धाडकन दणका यायचा. सानपाड्याच्या घरापासून डायलिसिस सेंटरपर्यंत असे अकरा दणके. प्रत्येकाला ते "आये गं" म्हणायचे. मी आणखी हळू चालवायचो. मागचे गाडीवाले हॉर्न वाजवायचे, त्यांच्या नावाने मी मनात शिव्या घालायचो.

उपाय दोन महिन्यांपूर्वीच झाला होता, आणि तो वडिलांनीच सांगितला होता. आमची जमीन टाउनशिपमध्ये गेल्यावर त्यांनी टेम्पो घेतला आणि चाळीस वर्षं चालवला. गाडीच्या बाबतीत घरात त्यांच्यापुढे कुणी बोलत नाही. "रिकामा टेम्पो उडतो," ते म्हणाले होते, "मागं वजन टाक, गाडी बसंल." घर बांधताना उरलेल्या लाद्यांचे चार खोके जिन्याखाली पडून होते. ते मी डिकीत टाकले. दणके कमी झाले नाहीत, पण खोके काढावेत असं मलाही सुचलं नाही आणि त्यांनाही नाही.

गुरुवारी महापेच्या ऑफिसातून अर्धी सुट्टी घेऊन मी गाडी तुर्भ्याच्या एका गॅरेजात नेली. शुक्रवारचा शेवटचा प्रवास तरी बिनदणक्याचा व्हावा, यापलीकडे माझी अपेक्षा नव्हती. मेकॅनिकने डिकी उघडली आणि माझ्याकडे बघितलं.

"साहेब, लाद्यांचं दुकान टाकलंय काय?"

त्याने गाडी वर उचलली, मागचं चाक काढलं, शॉकअपवरचं प्लास्टिकचं नळकांडं वर सरकवलं. आत दांड्यावर एक जाड रबर असतो. गाडी पार खाली दबली तर लोखंडाने लोखंडावर आपटू नये म्हणून तो मध्ये असतो. आमच्या गाडीतला त्याने बोटाने दाबला तर शिळ्या खारीसारखा भुगा खाली पडला. दुसऱ्या बाजूला तर नुसती कडी उरली होती.

"रबर जुना होताच," तो म्हणाला, "पण तुमी त्याला मारलात. टेम्पोला स्प्रिंगचे लोखंडी पाटे असतात, वजन टाकलं की तो शांत होतो. ही छोटी गाडी. वजनाने आधीच बसली, वर खड्डा आला की डायरेक्ट आपटणार ना!"

रोग म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात. इथे तर औषधानेच म्हैस मारायला घेतली होती. दोन महिने आठवड्यातून तीनदा मी ते दणके स्वतः गाडीत भरून नेत होतो. हे समजल्यावरही मला काही झालं नाही. दोन्ही बाजूंचे रबर बदलून होईपर्यंत मी स्टुलावर बसून चहा प्यायलो. लाद्या गॅरेजवाल्यालाच देऊन टाकल्या.

वडिलांना सांगायचं नाही, हे मात्र परतताना ठरवलं. किडनी गेली, कंबर गेली, स्टिअरिंग गेलं. गाडीतलं आपल्याला कळतं, एवढंच त्यांच्याकडे उरलं होतं.

शुक्रवारी सकाळी पहिला स्पीडब्रेकर आला तेव्हा त्यांनी डोळे मिटून दारावरची मूठ धरली. गाडी खाली गेली, वर आली. आवाज नाही. दुसऱ्यालाही नाही. चौथ्याला त्यांनी मूठ सोडली.

"काय केलंस?"

"रबर बदलला, बाबा."

"आनि लाद्या?"

"हायेत की डिकीत."

पुढच्या दोन स्पीडब्रेकरवर ते मागे कान लावून बसले. मग म्हणाले, "चालीस वर्सं गाडी चालवली मी. मागं माल हाय का नाय, ते मना बसल्याबसल्या कलतं."

मी आरशात बघितलं नाही.

"लाद्या काढल्या नि दनके गेले. मंजे मीच मना मारत व्हतो."

"तसं नाय, बाबा. रबर जुनाच होता."

"खोटं बोलाया तुला अजून जमत नाय," ते म्हणाले, आणि हसले. त्यांचं हसणं मी किती महिन्यांनी ऐकत होतो ते मला आठवेना. दीड वर्षात पहिल्यांदा मला भीती वाटली, की हा माणूस खरंच जाईल.

सेंटरसमोर गाडी उभी केली. दार उघडून मी हात पुढे केला. ते तसेच बसून राहिले.

"सोमवारी गाडी कितीला काढनार?"

"साडेसहाला," मी कसंबसं म्हणालो.

"सव्वासाला काढ. मंग ट्रकवाले सुरू व्हतात."